दोन डबे, चार बोटं

आषाढ लागला की मी शीतखोलीतलं काम मागून घेते. बाकीच्यांना ते नकोच असतं. उणे वीस अंशांत तासन्‌तास उभं राहायचं, अंगावर दोन कोट, हातात जाड मोजे, आणि नाक तर आपलं आहे की परक्याचं तेच कळेनासं होतं. "बाईंना पावसाळ्यात थंडी कमी पडते," असं म्हणून सगळे हसतात. मीही हसते. झाकली मूठ सव्वालाखाची. खरं कारण एवढंच, की त्या खोलीत पाऊस ऐकू येत नाही. जाड दार लागलं की गोव्याचा सगळा आषाढ बाहेर राहतो आणि आत फक्त यंत्राची घरघर असते.

काम म्हणाल तर बर्फ वाचायचं. दक्षिण ध्रुवाकडच्या पठारावरून आणलेल्या बर्फाच्या हात-हात लांबीच्या कांड्या. त्यांच्या चकत्या कापायच्या, वितळवायच्या आणि त्या पाण्यात जड पाणी किती, हलकं किती, ते यंत्राला विचारायचं. पाणी दोन जातींचं असतं हे ऐकून लोकांना नवल वाटतं. तहान दोन्हींनी भागते, पण ढगातून जड पाणी आधी उतरतं आणि हलकं लांबवर जातं. थंडी जितकी कडक, तितकं जड पाणी वाटेतच गळून पडतं आणि ध्रुवापर्यंत पोचणारा बर्फ तितका हलका. म्हणून उन्हाळ्याचा बर्फ थोडा जड, हिवाळ्याचा हलका. कागदावर रेघ वर जाते, खाली येते, की झालं एक वर्ष. दोन चढांमधली जाडी म्हणजे त्या वर्षी साठलेला बर्फ. असं मोजत खाली खाली गेलं, की ज्या काळी तिथं पाहायला माणूसच नव्हता त्या काळची ऊन-थंडी कळते.

हे सगळं मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, आमच्या ओटीवर बसून सांगितलं होतं. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या उतारावर आमची वाडी. वीसेक घरं. भात, नाचणी, आणि घरटी एक माणूस मुंबईला. आबांनी ऐकून घेतलं, सुपारी गालात सरकवली आणि म्हणाले, "म्हंजे डोंगर चढताना ढग वझं टाकत जातो. त्यात काय एवढं? आपुनपन तेच करतो." माझ्या साहेबांना जे समजावायला चार तक्ते लागले असते ते आबांनी सुपारीच्या एका खांडात उरकलं. मी हसून हसून दमले. तेव्हा आबा होते.

आबा पाऊस मोजायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईहून मामानं आणलेला दुधाच्या पावडरचा उभा डबा अंगणाच्या पार टोकाला, सपाट धोंड्यावर ठेवलेला. वर झाड नाही, जवळ छप्पर नाही. सकाळची पहिली एसटी खालच्या वळणावर भोंगा द्यायची, तेव्हा आबा काठी घेऊन डब्याकडे निघायचे. काठी बुडवायची, ओली कुठवर झाली ते बोटांनी मोजायचं, डबा उपडा करायचा, परत ठेवायचा. मग वहीत. 'सहा बोटं.' 'अकरा बोटं.' डबा वाहायच्या आत रिकामा केला तर 'एक डबा' आणि वरची बोटं. लांब निळी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाच्या फळीवर. त्यात पाऊस, म्हैस व्याल्याचा दिवस आणि डोंगराचा धोंडा वगैरे हलला तर तेवढं. दुसरं काही नाही. आईचं नाव नाही, माझंही नाही. वहीला त्यांचा एकच नियम: खाडाखोड करायची नाय. चुकलं तर बाजूला लिवायचं.

वाडीत आबांच्या वहीला मान होता. लावणी कधी धरायची, ओढ्यापलीकडं गुरं न्यायची का, तरुण पोरंसुद्धा विचारायला यायची. "आबा, किती झाला?" हा आमच्याकडचा आषाढातला रामराम होता.

मला मात्र आठवतो तो एकच पावसाळा. मी तेव्हा शाळेत, अकरा वर्षांची. चिखळणी करताना नांगराचा फाळ आबांच्या पायावर आला आणि ते ओटीवर आडवे झाले. दोन महिने पायाला फडकं, फडक्याला हळदीचा वास, आणि तोंडानं अखंड सूचना. "गो बाय, डबा तुझ्याकडं. येळ चुकवू नको." मला काय आनंद झाला होता! काठी घेऊन अंगणात जाताना मी मामलेदारासारखी चालायचे. डोक्यावर इरलं, पायांत काही नाही, बोटांच्या बेचक्यांतून चिखल वर येतोय. वहीत माझं अक्षर. त्या वासाचं काय सांगू: भिजलेली गुरं, चुलीचा धूर, कुजलेला पेंढा आणि शाईचं पेन. आजही कुणी कपाटातून जुनी वही काढली की माझ्या जिभेवर नाचणीच्या भाकरीची चव येते.

मग तो दिवस. आदल्या दुपारपासून झड लागली होती. समोरचा डोंगर दिसेना, अंगणाचा ओढा झालेला. सकाळी एसटीचा भोंगा झाला नाही, गाडीच आली नसणार. माझं डोकं जड होतं, गोधडी सोडवत नव्हती. आळस, दुसरं काय! उठून पाहिलं तर डबा धोंड्यावर नव्हताच, ओटीच्या पायरीवर होता. हात लांब केला की लागेल असा. पागोळीच्या थेट धारेत नव्हता, पण बाजूलाच. वारा फिरला की छपराची धार डब्यात. पावसाचं पाणी कुठलं, छपराचं कुठलं, कुणाला कळणार? मी डबा भरला की ओतला, भरला की ओतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहिलं: 'दोन डबे, चार बोटं.'

आबांनी आकडा ऐकला आणि कोपरावर उठून बसले. "काय बोलतेस! डबा अंगणातच व्हता ना?"

"व्हय," मी म्हणाले.

एवढंच. एक शब्द. कुणी मारलं नसतं, कुणी ओरडलंही नसतं. पण मला मामलेदारीण राहायचं होतं.

तो आकडा वहीतला सगळ्यांत मोठा ठरला. आबा हरखून गेले. येईल त्याला सांगू लागले, "दोन डबे चार बोटं पडला, पन आपल्या डोंगराचा एक धोंडा हलला नाय! जातिवंत डोंगर हाय." वर माझं कौतुक, "माझ्या बायनं मोजला." पहिले दोन दिवस मला वाटलं, सांगू. मग वाटलं, उद्या सांगू. मग लोकच सांगू लागले. वाडीत कशाचीही मापं त्या आकड्यानं होऊ लागली. खोटं एकदा चारचौघांत जाऊन बसलं की त्याला उठवायला आपणच लहान पडतो. मी शिकायला महाडला गेले, पुढं आणखी लांब गेले, आणि आकडा मागं वाडीत राहून मोठा झाला.

दक्षिणेला मी एकच उन्हाळा काढला. तिथला उन्हाळा म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. सूर्य मावळतच नाही, नुसता गोल फिरत राहतो. पांढऱ्या पठारावर आम्ही पुरुषभर खोल खड्डा खणला आणि त्याच्या भिंतीतून बोटभर अंतरानं बर्फ काढायला लागलो. नमुने खालून वर घ्यायचे असतात. वरून सुरुवात केली तर वरचा चुरा खाली सांडतो आणि जुन्या थरात नवा बर्फ मिसळतो. गुडघ्यांवर बसून मी पहिली बाटली भरली. एक थर फार जाड होता, बाकीच्यांच्या दुप्पट. मी खुशीत ओरडले, "त्या वर्षी केवढा बर्फ पडलाय बघा!"

आमच्या तुकडीचे प्रमुख वरून वाकून पाहत होते. शांतपणे म्हणाले, "पडलाय की वाऱ्यानं आणून टाकलाय?"

तिथं वारा बर्फाचे ढीग करतो. एकीकडचा उचलून दुसरीकडे लोटतो. म्हणून एका खड्ड्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. लांब लांब चार खड्डे खणायचे, सगळ्यांत तो जाड थर असेल तरच तो खरा. आम्ही खणले. दुसऱ्या कुठल्याही खड्ड्यात तो थर नव्हता. प्रमुख हसले आणि म्हणाले, "चुकतंच. म्हणून तर चार खणतो." त्यांनी सहज म्हटलं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना! हजारो कोस लांब, जिथं पागोळी नावाची वस्तू नाही, तिथं मला आमची ओटीची पायरी दिसली. गेल्यावर आबांना सांगायचं, असं मी तिथं ठरवलं.

आणि गेलेही. ती जडहलक्या पाण्याची गोष्ट त्याच मुक्कामातली. दुपारी पाहुणे आले होते. आबा त्यांना सांगत होते, "माझी लेक बर्फाची वही वाचते. मोजायला कुठं शिकली? या ओटीवर! दोन डबे चार बोटं तिनंच मोजलेला." पाहुण्यांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी चहाची बशी पुढं केली. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मन म्हणत होतं आणि मी विचारलं काय, तर "साखर पुरे ना?" आज त्या साखरेचा मला राग येतो. माझाही येतो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. तिसऱ्यात आमची वाडी गेली.

आमच्या भागात दरड म्हटलं की लोक तळीयेचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे, तिथलं दुःख डोंगराएवढं. आमच्या वाडीचं नाव कुणी घेत नाही. आमच्याकडं माणूस एकच गेला.

त्या दिवशीचं मला आईनं सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. सकाळपासून लोक सांगत होते, खाली शाळेत चला. मागच्या उताराला भेग दिसली होती. घरं रिकामी होत होती. आबांनी फळीवरून वही काढली, पान उलटत गेले आणि माझ्या अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "दोन डबे, चार बोटं. तवा काय झालं नाय. आज अजून दीड डबापन नाय भरला. तू व्हय फुडं, म्हशीचं करतो, सांजंला डबा रिकामा करतो आणि येतो." आईनं हात धरला तर सोडवून घेतला. वही पिशवीत घातली, गाठ मारली आणि तिच्या हातात दिली. "वही भिजू देऊ नको." हे त्यांचं शेवटचं वाक्य. जेवणवेळ टळता टळता डोंगर आला. आमचं घर सगळ्यांत वरचं.

लोक म्हणाले, नशीब. साहेबलोक म्हणाले, अतिवृष्टी. मी काहीच म्हणाले नाही. मी आईला गोव्याला घेऊन आले आणि वही माझ्या कपाटात ठेवली. इतकी वर्षं मी जगातल्या कुठल्या कुठल्या बर्फाचे थर मोजले, त्यातल्या चुका शोधल्या, दुरुस्त केल्या, पण कपाटातली ती वही उघडली नाही. कुठलंही यंत्र तो आकडा पकडू शकणार नाही. पागोळीचं पाणी आणि पावसाचं पाणी एकच, जड तेवढंच, हलकं तेवढंच. दुसरा खड्डा नाही. साक्षीदार मी एकटी, आणि मी गप्प.

आई आबांचं नाव निघालं की एकच बोलायची, "मी वढून न्यायला पायजे व्हतं." आणि मी तिची समजूत घालायचे. मी! सांगायला लाज वाटते, पण माझ्या पापाचं ओझं ती उचलतेय हे दिसत असून मी तिला उचलू देत होते. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलेल का, या भीतीनं माझं काळीज इतकं लहान झालं होतं.

यंदा आबांच्या तिथीला आई म्हणाली, "वाडीवर जाऊ. वही घे संगती." का, ते विचारायचा धीर झाला नाही. पोलादपूरच्या स्टँडवर उतरलो, रिक्षानं वर गेलो. वाडी आता खाली, शाळेच्या अंगाला, एकसारख्या पत्र्यांच्या घरांत आहे. पाऊस लागलेलाच होता. पहिल्याच दारात बाळूकाका भेटले, आबांच्या बरोबरीचे, भात लावताना शेजारच्या बांधावरून आबांना चिडवणारे. त्यांची सून सामानाचं बोचकं बांधत होती. ग्रामपंचायतीनं सांगितलं होतं, पाऊस वाढला तर पुढचे दोन दिवस शाळेत झोपा. बाळूकाका खाटेवरून हलायला तयार नव्हते.

"वैनी, तुमीच सांगा हिला," ते आईला म्हणाले. "वरचा डोंगर येगळा, ह्यो येगळा. दोन डबे चार बोटं पडला व्हता त्या सालीपन ही खालची बाजू हालली नाय. आबाच्या वहीत हाय! वहीपेक्षा ग्रामपंचायत शानी काय?"

सून माझ्याकडं बघत राहिली. मी बाहेर पडले.

वरची वाट गवतानं बुजलीय. घर होतं तिथं आता नुसता उंचवटा, त्यावर टाकळा आणि कुडा माजलेला. अंगणाचं पार टोक तेवढं दरडीनं सोडलं. तिथं तो सपाट धोंडा तसाच आहे. त्याच्यावर शेवाळ, शेवाळावर पाऊस. आई हळूहळू मागून आली. तिनं माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि मग मला धीर धरवेना. मी धोंड्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. पायरी, पागोळी, 'व्हय', पाहुणे, साखर. "आई, आबांना मी मारलं गो," मी म्हणाले. मोठ्यानं रडले. अकरा वर्षांच्या पोरीसारखी.

 आईच्या हातातली छत्री हलली नाही.

"आळस न्हवता तो," ती म्हणाली. "तू तापानं फणफणली व्हतीस. आदल्या सांजेपासून. आणि डबा पायरीवर तू नाय ठेवलास. मी ठेवला. म्हटलं, पोर भिजल अंगणात. पानी ते पानी, हितलं काय नि तिथलं काय."

 माझ्या आठवणीत डबा पायरीवर होता. तिथं तो कुणी आणला हे मी जन्मभरात एकदाही विचारलं नव्हतं.

"त्यांनी त्या दिवशी वाचलं तवा मला आठवलं नाय," आई सांगत होती, अगदी सपाट आवाजात. "शाळेत जाऊन बसले. कुनी तरी भाकरी दिली. पयला घास घेतला आणि आठवलं. पायरीवरचा डबा. तशीच उठले. सांगते म्हटलं, तो आकडा खरा नाय, चला. वळनापातूर गेले व्हते गो. वळनापातूर."

वळणापर्यंत ती पोचली आणि डोंगर आला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तापात तुला काय ठावं नसंल असं वाटलं. म्हटलं, एकीनं जळलेलं पुरे."

किती वर्षं आम्ही एका घरात राहिलो. एका ताटात जेवलो. दोघींच्या पोटात एकच धोंडा, आणि दोघी एकमेकींना विचारतोय, भाजीत मीठ बरोबर पडलंय का. मी तिच्या कमरेला मिठी मारली. तिच्या लुगड्याला अजून चुलीचा वास येतो, गोव्यात गॅस असून.

मग तीच म्हणाली, "वही काढ. बाळूभावजी तिकडं बसून राहील नायतर."

मी पिशवीची गाठ सोडली. आबांनी मारलेली गाठ. आजवर कुणी सोडली नव्हती. आईनं छत्री माझ्यावरून काढून वहीवर धरली. पान सापडायला वेळ लागला नाही. निळं, गोलगरगरीत, गर्वानं फुगलेलं माझं अक्षर. खाली, आठवड्याभरानं आबांनी स्वतःच्या हातानं ठळक रेघ ओढलेली, आकड्याच्या कौतुकाची. माझा हात खोडायला गेला आणि थांबला. खाडाखोड करायची नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'डबा अंगणात नव्हता. पायरीवर होता. पागोळीचं पाणी मिसळलं. हा आकडा खरा धरू नये.' खाली माझं नाव घालायला पेन टेकवलं.

"काय लिवतेस?" आईनं विचारलं. तिला वाचता येत नाही.

"माझं नाव."

"थांब," ती म्हणाली. "माझं आधी लिव. डबा आधी मी ठेवला. तू मागनं मोजलास."

आबांच्या वहीत आईचं नाव पहिल्यांदाच आलं. मी ते लिहिलं, त्याच्याखाली माझं. शाई सुकेपर्यंत आई छत्री धरून उभी राहिली, मग वही पिशवीत घालून तिनं पदराखाली घेतली आणि आम्ही बाळूकाकांना वाचून दाखवायला खाली उतरलो.